तरब आणि माझी शिंक

आमच्या घरात एकच अरबी शब्द शिरला, आणि तो आत्याच्या हाती लागला असता तर तिने तोही गंगेत तीनदा बुचकळून, पिळून, वाळत घालून मगच आत घेतला असता. तो शब्द म्हणजे तरब. मी आठवी नापास. अरबी मला येत नाही, संस्कृत आलं नाही म्हणून तर हे सगळं घडलं, आणि मराठी ही अशी, बनारसच्या पायऱ्यांवर भिजलेली. लिहिण्यात हिंदी येईल. ज्याला खटकेल त्याने वाचू नये. कुमुद, म्हणजे माझी बायको, होळीच्या आधी गेली. तेव्हापासून मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही भिंतीशी बोलता, त्यापेक्षा वहीशी बोला." म्हणून वही आणली. भिंत निदान मधेच संपत नाही. असो.

रामघाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या आणि वर पत्र्याचा माळा, एवढं आमचं घर. आई मला आठवत नाही. वडिलांना मी अण्णा म्हणायचो. ते वेदपाठशाळेत शिकवत आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं करत. घर चालवायची आत्या, अण्णांची थोरली बहीण. पहाटे पाठशाळेतून पोरांचा घोष सुरू व्हायचा, खालून मल्लाह, म्हणजे नावाडी, एकमेकांच्या आईबहिणीची विचारपूस करायचे, पत्र्यावर माकडं नाचायची, आणि ह्या सगळ्यावर आत्याचा आवाज, "शिवू नकोस!" कोणाला, कशाला, हे सांगायची गरज नसे. मी दोन्ही हात वर करून उभा राहायचो. घरात अजून एक आवाज होता, तो माझ्या शिंकेचा. शिंक आमच्या घराण्याची आहे, अण्णांचीही तशीच. मी घरात शिंकलो की पलीकडे पाठशाळेतला घोष थांबायचा आणि गुरुजी म्हणायचे, "पंडितजींचा मुलगा उठला. चला, पुढची ऋचा." शुभकार्याला निघालेले लोक आमची गल्ली टाळून जायचे. आत्या स्वयंपाक उत्तम करायची, पण मिरचीची फोडणी देण्याआधी मला घाटावर हाकलायची. आमटीला मी कधी फोडणी बसताना पाहिली नाही. बसलेलीच पाहिली.

पाठशाळेत मला सहा वर्षं घातलं. डोक्यात शिरायचं, राहायचं नाही. शेवटी गुरुजींनीच अण्णांना सांगितलं, "पंडितजी, ह्याच्या कानात दोष नाही. पण जे एका कानाने आत जातं ते दुसऱ्याने शुद्ध उच्चारासकट बाहेर येतं." मी तोवर पळून मुन्शी घाटाकडे जायला लागलो होतो. तिथे मागच्या गल्लीत रमजान चाचांचं दुकान होतं, सतारी, सारंग्या, तानपुरे दुरुस्त करायचं. मी समोरच्या ओट्यावर बसून बघत राहायचो. महिनाभराने चाचा म्हणाले, "ए पंडित, देखने का टिकट लगता है. आ, ये डांड पकड़." ती डांड, म्हणजे सतारीची मान, मी पकडली ती पन्नास वर्षं सोडली नाही. अण्णांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "वेद नाही तर नाद तरी." आत्याने एकच अट घातली. तिथून आलास की आधी गंगेत, मग घरात. पौषातसुद्धा. बनारसमध्ये गंगास्नानाने लोकांची पापं जातात, माझा सर्दीचा धंदा तिथून सुरू झाला.

आता शब्दाचं सांगतो. सतारीला वर सहा-सात तारा असतात, त्या वाजवायच्या. त्यांच्या खाली, पडद्यांच्याही खाली, तेरा बारीक तारा असतात, त्यांना वाजवणारा बहुतेक वेळ बोट लावत नाही. वरची तार वाजली की आपला सूर ओळखून खालची आपोआप गुणगुणते. त्या तेरा तारांना तरब म्हणतात. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "चाचा, इनको तो कोई बजाता नहीं. फिर बाँधते काहे हैं?" चाचांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "तुझको कौन बजाता है? फिर भी बुआ चिल्लाए तो तेरे अंदर कुछ होता है कि नहीं?" होतं, मी म्हटलं. "बस. अरबी लफ़्ज़ है, तरब. मतलब ख़ुशी." तरबा जुळल्यात की नाही हे बघायची त्यांची रीत होती. सतार भिंतीला टेकवून ठेवायची, आपण दारापर्यंत जायचं आणि तिथून पान सांभाळत नुसतं "हूं" करायचं. सतारीने उलट हूं केलं तर काम झालं. नाही केलं तर पुन्हा खुंट्या पिळत बसा. गिऱ्हाइकासमोर ते हे कधी करत नसत. म्हणायचे, "ये हमारी आपस की बात है."

मी घरी येऊन, आंघोळ करून, अण्णांना शब्द सांगितला. अण्णा एकदम ताठ बसले. "आनंद? कुठला आनंद? हर्ष, मोद, प्रमोद, आह्लाद, की नुसता संतोष? विचार त्यांना." अण्णा आणि चाचा जन्मात एकमेकांना भेटले नव्हते, पण त्या हिवाळ्यात माझ्या तोंडून त्यांचा शास्त्रार्थ चालला. चाचा म्हणाले, "अब्बा को बोल, जलेबी खाते बखत जो होता है, वो." अण्णा दोन दिवस गप्प. पाठशाळेत जाताना कोपऱ्यावरच्या हलवायाकडे उभ्याने जिलबी खायची त्यांची सवय घरात कोणाला ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने आपल्याला पाहिलं. मग त्यांनी जरा नरमाईने निरोप पाठवला, की व्याख्या पक्की करून घ्यावी. चाचांनाही आता चेव चढला. ते मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारून आले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सुन. हम भी आधा ही जानते थे. मौलवीसाहब कहते हैं, खाली ख़ुशी नहीं. ख़ुशी हो चाहे ग़म, आदमी को भीतर से हिला के जो हलका कर दे, वो तरब. ऊँटवाला गाता है तो थका ऊँट चाल पकड़ लेता है, वो भी तरब." मी हे सगळं घरी ओतलं. अण्णांनी पंचा झटकला. "सुखाला आणि दुःखाला एकच शब्द? म्हणजे त्यांच्याकडे शब्द कमी पडले. आपल्याकडे बघ, किती आहेत." आत्या तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अंगात येतं ना बायकांच्या, ते असेल. त्यात काय एवढं." मला अण्णांचं पटलं. वीस वर्षांचा होतो, हसणं वेगळं आणि रडणं वेगळं असं मला वाटायचं.

त्याच हिवाळ्यात कुमुदची सतार दुकानात आली. तेव्हा ती माझी कोणी नव्हती. तिचे वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू होते, जळगावकडचे, बदली होऊन इथे आलेले. मुलीला नागपूरचं स्थळ बघत होते. तिकडच्या लोकांना सतार वाजवणारी सून हवी होती, आणि हिची सतार नुसती टणटण करायची, मागे गुंजन नाही. तरबा सगळ्या गंजल्या होत्या. चाचांनी ती सतार पहिल्यांदाच एकट्या माझ्या हाती दिली. मी तेरा तारा नव्या चढवल्या, जुळवल्या. चाचांनी दारातून हूं केलं, सतारीने उत्तर दिलं. ते म्हणाले, "कल जुम्मा है, दुकान बंद. तू ही दे आना, तेरी बिरादरी है." म्हणून मी ती गवसणीत घालून घरी आणली आणि जिन्याखाली ठेवली. गंगेत बुडी मारून आलो, पाटावर बसलो. आत्या आमटी वाढत होती.

"ते काय आणलंयस जिन्याखाली?"

"सतार. उद्या रेल्वे क्वार्टरात द्यायचीय. मराठी लोक आहेत."

"कशाची असते रे ती?"

मला खोटं बोलता येत नाही, ही माझी जुनी व्याधी. "खाली वाळलेला भोपळा. वर लाकूड."

"आणि चिकटवतात कशाने?"

"सरसाने."

"सरस कशाचा?"

"चामड्याचा."

आत्याची पळी थांबली. "आणि ते वर पांढरं कसलं, तारांखाली?"

"ती घोडी. सांबराच्या शिंगाची."

अण्णा म्हणाले, "जेवताना विचारू नये गं." आत्या पुढे एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, संपलं. आत्या गप्प बसली की काहीही संपलेलं नसतं हे मला तोवर कळायला हवं होतं.

सकाळी उठलो तर जिन्याखाली फक्त गवसणी. घाटाकडून गलका ऐकू येत होता. धावत खाली गेलो. आत्या गुडघाभर पाण्यात, ओलेती, हात जोडून उभी, आणि पंधरा हात पुढे माझी सतार पंचगंगा घाटाच्या दिशेने निघालेली. भोपळाच तो, तरंगणार नाही तर काय. मान वर करून अशी चालली होती जसा काही नाग विसर्जनाला निघालाय. आत्याने तिला रीतसर तीन बुड्या दिल्या होत्या, तिसऱ्या बुडीला ती हातातून सुटली. नावेतला मल्लाह ओरडत होता, "ए बुआ! ई का बहा देहलू?" मी पाण्यात उडी मारली, त्याने वल्ह्याने तिला अडवली, दोघांनी मिळून बाहेर काढली. भोपळ्यातून पाणी गळत होतं. आत्या पायऱ्यांवर शांत उभी होती. म्हणाली, "मराठी माणसांच्या घरी जायचीय ना? अशी हाडाचामड्याची घेऊन गेला असतास तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आता ने." आणि मी बघत असतानाच सतारीच्या पोटावरची लाकडी फळी, तिला तबली म्हणतात, सरस सुटल्यामुळे अलगद उचलली गेली. पुस्तक उघडावं तशी.

ती गाठोड्यात बांधून चाचांच्या घरी गेलो. त्यांनी सुटलेली तबली पाहिली, गंगेची वाळू भरलेला भोपळा पाहिला. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी भोपळा उलटा करून वाळू दारात ओतली. मग म्हणाले, "चालीस बरस में सितार को रोते सुना है, हँसते सुना है. नहाते आज देखा." त्यांची बायको दारामागे पदर तोंडात कोंबून हसत होती. पण चाचा हसले नाहीत. "मेरी दुकान से ऐसी चीज़ आज तक नहीं गई. जिसके घर ने नहलाया, वही सुखाए. हम हाथ नहीं लगाएँगे. बाबूसाहब लिख के दें कि ठीक है, तो तू इस दुकान का है. नहीं तो, बेटा, वेद पढ़." वेदांनी मला आधीच काढलेलं होतं. इथूनही निघालो तर यात्रेकरूंच्या चपला सांभाळण्याखेरीज काही उरत नव्हतं.

दीड महिना मी त्या सतारीशी झगडलो. सावलीत वाळवली, कारण ऊन दाखवलं की भोपळा तडकतो. डांडेला बाक आला होता, तो दोरीने बांधून, रोज थोडा थोडा पिळून काढला. सरस पुन्हा लावला, आत्यापासून लपवून. चाचा समोर बसून दुसरी कामं करायचे आणि माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, पण मी चुकायला लागलो की खोकायचे. आत्याने माझ्याकडे चूक कबूल केली नाही. ते तिच्या स्वभावातच नव्हतं. एक दिवस मात्र तिने पुरणपोळ्या केल्या आणि डबा माझ्या हाती दिला, "त्या तुझ्या म्हाताऱ्याला दे. तूप वेगळं बांधलंय." रिकामा डबा परत करू नये ही रीत चाचीकडेही होती. डबा शेवयांच्या खिरीने भरून आला, वर पिस्ते. आत्या म्हणाली, "ठेव तिथे, गाईला घालते." आमच्याकडे गाय नव्हती. संध्याकाळी डबा चाटूनपुसून स्वच्छ होता आणि आत्याच्या दातात पिस्ता अडकला होता.

शेवटी सतार घेऊन मी रेल्वे क्वार्टरात गेलो. खोलीत मध्यभागी बाबूसाहेब, देव्हाऱ्यापुढे हळदकुंकू लावलेलं पाकीट, नागपूरला त्याच दिवशी टाकायचं. दारात कुमुद उभी, दोन वेण्या, कपाळावर आठी. आत तिची आई स्वयंपाक करत होती.

"दीड महिना काय करत होतात?" बाबूसाहेबांनी विचारलं.

"वाळवत होतो. गंगेत पडली होती."

"सतार?"

"हो. आत्याने शुद्ध करून घेतली."

आतून कुमुदची आई म्हणाली, "अगंबाई, मग बरंच झालं की. कुठल्या हो तुमच्या आत्या?" बाबूसाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचा जन्म फुटके खोके तपासण्यात गेलेला. त्यांनी सतार आडवी केली, बोटांच्या पेरांनी भोपळा ठोकला, कान लावला, वास घेतला. "आत ओल आहे. वरून पॉलिश मारून आणलीय. हा डॅमेज माल आहे, मी घेत नाही." मी म्हटलं, वाजवून बघा. "भिजलेला माल मी वाजवून बघत नाही, परत पाठवतो. वीस वर्षं हेच करतोय." त्यांनी सतार भिंतीला टेकवली, कागद घेतला आणि चाचांच्या नावे लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते, "माल ख़राब हालत में, वापस..." त्या कागदाच्या तीन ओळी पुऱ्या झाल्या की माझं दुकान संपणार होतं. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं.

त्याच क्षणी आत तिच्या आईने लाल मिरचीची फोडणी दिली.

मी दाबायचा प्रयत्न केला, देवाशपथ. नाक धरलं, श्वास धरला, देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे बघितलं. पण आमची शिंक धरून राहणारी नाही. अशी सुटली की बाबूसाहेबांच्या हातातला कागद उडाला, दौत कलंडली, आणि देव्हाऱ्यापुढचं पाकीट घसरून खाली पडलं. आतून तिच्या आईचा टाहो आला, "झालं! आता झालं लग्न!" नंतर कोणी काही बोललं नाही. आणि त्या शांततेत भिंतीजवळून, कोणी हात न लावता, आवाज आला. हूंऽऽऽ. तेराच्या तेरा तारा बोलत होत्या. लांब, गोड, मावळत मावळत.

कुमुदने आधी सतारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती हसायला लागली. दाराची चौकट धरून हसली, खाली बसून हसली, वेणीने डोळे पुसले. "बाबा, ऐकलंत? ही आपणहून बोलली! घेतली तेव्हासुद्धा कधी बोलली नव्हती अशी."

बाबूसाहेब मला म्हणाले, "पुन्हा शिंका."

"मागून येत नाही हो."

"मग मला कसं कळणार?" शेवटी त्यांनी स्वतः उठून, सतारीसमोर उकिडवं बसून, साहेबापुढे खोकावं तसं हळूच खोकून बघितलं. सतार त्यांच्यावर खोकली. दचकलेच. मग दुसरा कागद घेऊन लिहून दिलं, "माल मिला, चालू हालत में." चाचांनी तो कागद दुकानात खिळ्याला लावला. "कैसे जाँचा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तेव्हा मात्र चाचा इतके हसले की पान अंगरख्यावर सांडलं. "आपस की बात बाहर कर दी, नालायक. चल, डांड पकड़."

नागपूरकरांचा नकार आला. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या की माझ्या नाकामुळे. सतार मात्र दर महिन्याला दुकानात यायला लागली, काही बिघडलेलं नसताना. चौथ्या महिन्यात चाचा म्हणाले, "बेटा, ये बीमारी सितार की नहीं है." बाबूसाहेबांचा सतारींची हाडं घासणारा, बिननोकरीचा जावई करून घ्यायला विरोध होता. कुमुदने त्यांना सांगितलं, "नोकरीच बघायची असेल तर तुम्हीच करा तुमच्या साहेबाशी लग्न." आत्याला सून पसंत पडली, कारण सतार घरात आणताना तिने आपणहून विचारलं, "आत्या, हिला पाणी शिंपडू का? बुडवायला नको, शिंपडते." ती सतार बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहिली ती आजपर्यंत. आणि माझी शिंकही राहिली. मी शिंकलो की सतार हूं करायची, आणि कुमुद असेल तिथून, स्वयंपाकघरातून, माळ्यावरून, एकदा तर बाळंतिणीच्या खाटेवरून, ओरडायची, "झालं लग्न!" पोरांना वाटायचं सगळ्याच घरांत शिंकल्यावर हे म्हणतात. मुलगा शाळेत म्हणाला आणि मार खाऊन आला.

शेवटची चार वर्षं तिची बोटं वळत नव्हती. वाजवणं बंद झालं, पण तरबा मी दर रविवारी जुळवायचो. ती म्हणायची, "मी वाजवत नाही, मग कशाला?" मी म्हणायचो, "माझ्या शिंकेसाठी." ती गेली तशी मी सतारीला गवसणी घातली. भेटायला येणारे सांगत होते, देवाची मर्जी, मन रमवा, पोथी वाचा. मी म्हटलं, मला पोथ्या येत असत्या तर मी तिला भेटलोच नसतो. ते जरा लवकर उठले.

परवा गवसणी काढली. ओल धरली तर तारा गंजतात, त्यांना कोण मेलं ह्याच्याशी देणंघेणं नसतं. चष्मा लावून तेराही तारा बदलल्या, जुळवल्या. माझे हात आता कापतात, अख्खी सकाळ गेली. भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीत बसलो. आत सूनबाईने कशाला तरी फोडणी दिली. तिला दोष नाही, तिला वाटलं मी वर आहे. मी शिंकलो. सतार बोलली, पूर्वीसारखीच, मावळत मावळत. मी सवयीने मान स्वयंपाकघराकडे वळवून बसलो. पंखा फिरत होता. गल्लीतून कोणीतरी सायकल नेली. सूनबाई आतून म्हणाली, "बाबा, पाणी देऊ?"

नको म्हटलं. मग मीच मोठ्याने म्हणालो, "झालं लग्न!"

त्याला सतारीने पुन्हा हूं केलं.